पूर्णविरामाची भोकं

टाइप केलेला कुठलाही कागद हाती आला की मी तो आधी उलटा करतो आणि मागच्या बाजूवरून बोटं फिरवतो. नोकरीत असताना सोबतचे लोक यावर हसत. एका शिपायाने तर मला अगदी आदराने सांगितलं होतं, "साहेब, मजकूर पुढच्या बाजूला आहे." ही सवय मला वडिलांमुळे लागली. वडील मराठी चौथी शिकलेले, इंग्रजीचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं. तरी इंग्रजी लिहिताना पूर्णविराम आणि स्वल्पविराम कसा द्यायचा हे मी ज्या दोन माणसांकडून शिकलो, त्यांतले एक ते होते. दुसरे आमचे टायपिंग क्लासचे सर. दोघांचेही आभार मानायचे राहून गेले, म्हणून हे लिहितो आहे.

आमचं गाव भिवंडी-वाडा रस्त्यावरच्या अंबाडीच्या पुढे, रस्त्यापासून बरंच आत. शाळा मराठी माध्यमाची. इंग्रजी शिकवणारे गुरुजी फार कष्टाळू होते, पण खुणांच्या बाबतीत त्यांची स्वतःची एक रीत होती. ते म्हणत, "आधी शब्द तर लिहा. टिंबं-दांड्या मागाहून." निबंधाच्या तासाला शेवटची पाच मिनिटं खुणांसाठी राखून ठेवलेली असत. गुरुजी टेबलावर छडी आपटून म्हणत, "चला, टिंबं घाला!" आणि सगळा वर्ग माना खाली घालून, भाजीवर खोबरं भुरभुरावं तशा खुणा भुरभुरायला लागे. मी साधारण दर दीड ओळीला एक पूर्णविराम देत असे. मधे कुठे पान ओकंबोकं दिसलं तर एखादा स्वल्पविराम.

गुरुजींना मी आजही दोष देत नाही. पानभर इंग्रजी न घाबरता लिहायची हिंमत आम्हाला त्यांनीच दिली. मॅट्रिक झाल्यावर मी भिवंडीला वडिलांच्या खोलीवर आलो, सकाळचं कॉलेज आणि दुपारची लूमवरची, म्हणजे यंत्रमागावरची, शिफ्ट असं करत बीए झालो, तोपर्यंत इंग्रजीचे सगळे पेपर मी त्याच रीतीने लिहिले. आधी शब्द, शेवटी टिंबं. कुणी काही म्हटलं नाही.

वडील एका लूमच्या कारखान्यात कापड तपासायचे. विणून आलेला तागा लांब टेबलावर पसरायचा, एकीकडून ओढत न्यायचा आणि त्यावरून तळहात फिरवायचा. तुटलेला धागा, गाठ, जाळी पडलेली जागा, सगळं त्यांना डोळ्यांच्या आधी हाताला कळे. दोष सापडला की त्या जागी कापडाच्या काठाला लाल दोरा बांधायचा. तागा चांगला निघाला की टोकाला निळ्या पेन्सिलीने एक बरोबरची खूण. ती निळी पेन्सिल त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम असे.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. पण पदवी मिळाली तरी शिफ्ट सुटली नव्हती. कारखान्यातले सोबती मला नावाने हाक मारायचंच विसरले होते. "ए बीए, तिसऱ्या लूमचा धागा तुटला बघ," असं ओरडत आणि मग हसत. मीही हसे. तेवढ्यात तालुक्याच्या एका कचेरीतली टायपिस्टची जागा निघाली. मुलाखत झाली, यादीत नाव लागलं. अट एकच होती. इंग्रजी टायपिंगची सरकारी परीक्षा पास झाल्याचं सर्टिफिकेट दाखवायचं. परीक्षेच्या दोन बैठकांपर्यंत थांबू असं तिथले हेडक्लार्क म्हणाले. त्यानंतर यादी बाद. आणि यादी बाद म्हणजे मी सांभाळायचो ते चार लूम आणि मी, कायमचे. वडिलांनी तोंडाने कधी म्हटलं नाही, पण त्यांना ते नको होतं. लूमवरच्या माणसाचे कान किती वर्षांत जातात हे त्यांना माहीत होतं. त्यांचे स्वतःचे अर्धे गेलेच होते.

टायपिंगचा क्लास आमच्याच गल्लीत होता. खाली लूम, वर क्लास. लाकडी जिना चढून गेलं की एका खोलीत सहा मशीनं, एक बाक, आणि खुर्चीत सर. सर पन्नाशीचे, भिवंडीचेच. पूर्वी मुंबईत कुठल्याशा पेढीत टायपिस्ट होते. मराठीत सुरू झालेलं त्यांचं वाक्य हिंदीत संपे, कधी उलटं होई.

कळांवर बोटं बसल्यावर त्यांनी मला पहिल्यांदा रजेचा अर्ज टाइप करायला दिला. मी माझ्या रीतीने सगळे शब्द ओळीने टाइप केले. मग रोलर मागे फिरवला आणि टिंबं घालायला लागलो. सर शेजारी येऊन उभे राहिले.

"हे काय चाललंय?"

"सर, खुणा घालतोय."

"कुठे घालणार? त्यांना जागा ठेवलीय का?"

जागा नव्हतीच. टिंब घालायला गेलं की ते पुढच्या अक्षराला चिकटून बसे.

सर सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं ओरडले, "देखो भई, ग्रॅज्युएट साहेब बिर्याणी पकल्यावर मीठ टाकतायत!"

वर्ग हसला. मी लाजलो. पण त्या दिवसापासून सरांनी मला वेगळं घेऊन बसवायला सुरुवात केली. पहिल्या कळेवर बोट ठेवायच्या आधी ते मला विचारत, "हे वाक्य कुठे थांबणार आहे?" मी सांगायचं. मराठीत सांगितलं तरी चाले. मी सुरुवात करे, "मी आजारी होतो त्यामुळे कामावर आलो नाही आणि डॉक्टरने चार दिवस विश्रांती सांगितली आहे आणि..."

"बस, बस. साहेबाला एका वेळी एकच गोष्ट द्यायची. दोन दिल्या तर दोन्ही खाली पाडतो. आजारी होतो, आलो नाही. फुलस्टॉप. आता डॉक्टरला आण."

उद्गारचिन्हाची तर आमच्या मशीनवर कळच नव्हती. आधी ॲपॉस्ट्रॉफी मारायची, मग एक घर मागे यायचं, मग त्याच्या खाली पूर्णविराम. सर म्हणत, "इतनी मेहनत है, म्हणून जरा जपून चकित व्हा." त्यामुळे मी पुढे नोकरीत कधीच चकित झालो नाही.

शब्द सांगताना सरांना घशाच्या शिरा ताणून ओरडावं लागे, कारण खाली लूम चालू असत. सगळी जमीन थरथरायची. खुणा ओरडून सांगायच्या म्हटल्या तर त्या शब्दांत मिसळून जात, म्हणून सर खुणा हाताने दाखवत. मूठ म्हणजे पूर्णविराम. वाकडं केलेलं बोट म्हणजे स्वल्पविराम. त्या बोटावर मूठ म्हणजे अर्धविराम. प्रश्न असेल तर भुवया वर. आम्ही सहा जण त्यांच्या हाताकडे बघत टाइप करायचो. वाक्य कुठे टेकतं, कुठे नुसतं वळतं, हे मला त्या हातामुळे दिसायला लागलं. महिन्याभरात अशी सवय झाली की मूठ वळायच्या आधीच मला कळे, आता वळणार.

आणि तरीही मी पहिल्या परीक्षेत नापास झालो.

परीक्षा ठाण्याला होती. मोठी खोली, उंच खिडक्या, आणि सगळीकडे शांतता. घंटा झाली, आमच्या क्लासच्या मुलांनी सुरू केलं, आणि आजूबाजूची मुलं वळून आमच्याकडे बघायला लागली. त्यांची मशीनं पुटपुटत होती. आमची दणके देत होती. देखरेखीला असलेले गृहस्थ माझ्याजवळ आले.

"भिवंडीचे का?"

"हो सर."

"वाटलंच. दर खेपेला येता आणि मशीन फोडता."

वेळ संपल्यावर त्यांनी माझं पान उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. जिथे जिथे पूर्णविराम होता तिथे भोक होतं. स्वल्पविरामांच्या जागी बारीक चिरा. पानातून आरपार उजेड येत होता.

"हे बघा, नक्षत्रं. मजकूर चांगला आहे तुमचा, खुणाही जागेवर आहेत. पण प्रत्येक भोकाची चूक धरतात, माहीत नाही का?"

मला खरंच माहीत नव्हतं. आमच्या क्लासमधल्या सगळ्यांच्या पानांना भोकं असत. सरांच्या पत्रांनाही असत. पूर्णविराम असाच असतो, वाक्य तिथे खिळा ठोकून बंद करायचं असतं, अशी माझी समजूत होती. मी सरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "जे पास झाले ते बोलले नाहीत. जे नापास झाले ते परत आले नाहीत. मला कोण सांगणार?" त्यांनी स्वतःचं एक पत्र काढून उजेडात धरलं आणि परत फाइलमध्ये ठेवलं.

मग आम्ही दोघांनी भोकं थांबवायचा प्रयत्न केला. सर म्हणत, हलकं मारा. मी हलकं मारी. मला वाटे मी हलकंच मारतोय. पान काढलं की भोकं तशीच.

एका शुक्रवारी मी खोलीवर सरावाची पानं चुलीपाशी टाकायला काढली होती. शुक्रवारी भिवंडीत लूम बंद असतात, त्यामुळे वडील घरी होते. त्यांनी एक पान उचललं, उलटं केलं आणि मांडीवर ठेवून त्यावरून तळहात फिरवला. अगदी तागा तपासतात तसा. मग दोन बोटांनी ओळी चाचपल्या.

"हे काय रं? इथं गाठ. इथं भोक. इथं भोक."

"ते पूर्णविराम आहेत, बाबा. तिथे वाक्य संपतं."

"संपतं म्हणून फाडायचं? मी कापडाला खूण करतो ती कापड फाडून करतो काय?"

त्यांची बोटं पुढे सरकत होती. एका जागी थांबली.

"आणि इथं तर लई लांब गेलं. दोन ओळी झाल्या, हाताला काय लागतच न्हाय."

मी पान घेऊन सुलटं केलं. त्यांनी दाखवलेल्या जागी खरंच एक पूर्णविराम राहून गेला होता. जुनी सवय. मागाहून घालू म्हणून सोडलेला. ज्यांना ए-बी-सी येत नव्हती त्यांनी माझी चूक पानाच्या मागून काढली होती.

"तू एवढं जोरात का ठोकतोस?" त्यांनी विचारलं.

"मी हळूच मारतो, बाबा. तरी असं होतं."

त्यांनी पान पुन्हा एकदा चाचपलं. मग म्हणाले, "उद्या ड्युटी सुटली की येतो तुझ्या मास्तरकडं."

दुसऱ्या दिवशी ते खरंच आले. अंगावर कापसाचे तंतू, डोक्याला रुमाल. जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहून त्यांनी आधी जमिनीकडे बघितलं, मग चप्पल काढून तळपाय फळीवर टेकवला. खालचे लूम ऐन भरात होते.

"मास्तर!" वडील ओरडले. "हा ठोकतो त्याचा आवाज तुम्हाला येतो काय?"

"क्या?" सरांनी कानामागे हात धरला.

"ह्याच्या मशीनचा आवाज! येतो काय?"

"क्या बोल रहे हो, भाई?"

"तेच म्हणतोय मी!"

सरांनी कानामागचा हात खाली घेतला. मग त्यांना कळलं आणि ते बाकावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. आम्हाला कुणालाच आमच्या कळांचा आवाज येत नव्हता. ओळीच्या शेवटी मशीनची बारीक घंटी वाजते, तीही आम्ही क्लासमध्ये कधी ऐकली नव्हती, आणि परीक्षेत सगळ्यांच्या मशीनांच्या आवाजात ती मला कळली नव्हती. कळ लागली की नाही हे बोटाला कळावं म्हणून प्रत्येक जण नकळत जोर लावत होता. शब्दांची अक्षरं रुंद असतात, ती तो जोर सोसत. टिंब एवढंसं, ते आरपार जाई.

"पंधरा साल," सर म्हणाले. "पंधरा वर्षं मी इथं बसलोय. मला सुचलं नाही. तुम्ही पाय टेकलात आणि झालं."

"आमचं सगळं तसंच हाय, मास्तर," वडील म्हणाले. "कारखान्यातली माणसं घरी पण ओरडूनच बोलतात. बायकोला वाटतं भांडतोय."

मग सरांनी मला विचारलं, "शुक्रवारी येशील? लूम बंद असतात."

शुक्रवारी क्लासही बंद असे, सरांचा जुम्मा असे. मी तसं म्हटलं.

"नमाज दुपारी आहे," सर म्हणाले. "सकाळी नऊला ये."

त्या शुक्रवारी सर आंघोळ करून, पांढरा कुर्ता घालून, अत्तर लावून आले. मी मशीनवर बसलो, पहिली ओळ टाइप केली, आणि ओळीच्या शेवटी टिंग असा आवाज झाला. मी घाबरून हात उचलले. सर म्हणाले, "घंटी आहे. आता दोस्ती करा तिच्याशी." पुढची ओळ टाइप करताना मला माझे स्वतःचे दणके ऐकू आले आणि लाज वाटली. कुणाला तरी मारत असल्यासारखं वाटत होतं.

सर माझ्याकडे पाठ करून खिडकीशी उभे राहिले आणि डोळे मिटले. "चला. कॉमा... ठीक. अक्षर... अक्षर... हा फुलस्टॉप खाली चहावाल्याला ऐकू गेला." खालून चहावाल्याने खरंच वर बघितलं, तेव्हा आम्ही तिघंही हसलो. तिघं, कारण वडीलही आले होते. सुट्टीचा दिवस सोडून ते बाकावर बसले होते, आणि मी काढलेलं प्रत्येक पान उलटं करून मांडीवर घेत होते.

"सहा गाठी," ते सांगत.

सरांनी मला पूर्णविराम मारायचा कसा ते स्वयंपाकघरातून समजावलं. "तवा गरम झाला का ते बोट लावून बघतात ना? लावलं, उचललं. बस." मी शंभर वेळा तवा बघितला. पुढच्या शुक्रवारी चार गाठी, मग दोन. अधूनमधून वडील थांबत आणि म्हणत, "इथं लांब गेलं," आणि तिथे नेमका पूर्णविराम राहिलेला असे किंवा वाक्य खरंच उगाच लांबलेलं असे. सर ते पान घेऊन बघत आणि मला म्हणत, "बाप का हाथ बोल रहा है. सुनो."

सर जुम्म्याला निघेपर्यंत हे चाले. किती शुक्रवार गेले ते आता आठवत नाही. परीक्षेच्या आधीच्या शुक्रवारी मी एक पूर्ण पत्र टाइप केलं. पत्ता, त्यातले स्वल्पविराम, मायन्यानंतरचा स्वल्पविराम, तीन परिच्छेद, खाली सही. वडिलांनी पान उलटं घेतलं. वरून खाली हात फिरवला. पुन्हा फिरवला. पान फिरवून आडवा हात फिरवला.

"काय, बाबा?"

"आता मला काय कळत न्हाय," ते म्हणाले.

मला एकदम वाईट वाटलं. इतके दिवस हे पान त्यांना वाचता येत होतं, आणि आता मीच ते मिटवून टाकलं होतं. पण वडिलांचा चेहरा बघितला तर ते खुशीत होते. हाताला काही लागलं नाही म्हणजे माल चांगला, एवढा साधा हिशेब. त्यांनी खिशातून निळी पेन्सिल काढली आणि माझ्या पत्राच्या कोपऱ्यात बरोबरची खूण केली.

ठाण्याच्या खोलीत देखरेखीला पुन्हा तेच गृहस्थ होते. माझ्यामागे येऊन जरा वेळ उभे राहिले आणि काही न बोलता पुढे गेले. मी मनात सरांची मूठ बघत होतो. प्रत्येक टिंबाला तवा, प्रत्येक ओळीला घंटी. निकाल लागला तेव्हा यादीत माझा नंबर होता. सरांनी वर्गाला पेढे वाटले. स्वतःच्या हाताने, मी पेढे आणायच्या आधीच.

पुढे सरांनी नियमच केला, परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येकाने शेवटचे काही शुक्रवार सकाळी यायचं. सुट्टीच्या दिवशीच्या त्या सकाळी त्यांनी किती वर्षं दिल्या कुणास ठाऊक. त्यांचे हात वर झालेले मला अजून दिसतात. कुठल्याही वाक्याच्या शेवटी दिसतात.

काही आठवड्यांनी कचेरीचं नेमणुकीचं पत्र आलं. इंग्रजीत, टाइप केलेलं. मी वडिलांना वाचून दाखवायला लागलो, तर त्यांनी हात पुढे केला. "आण इकडं." पत्र उलटं करून मांडीवर घेतलं आणि बोटं फिरवायला लागले. अगदी तळाशी जाऊन थांबले.

"ह्याला एक भोक हाय. शेवटचं."

मी बघितलं. होतं. शेवटच्या ओळीचा पूर्णविराम आरपार गेला होता.

"म्हणजे हा पण आपल्या गल्लीतलाच," वडील म्हणाले आणि मोठ्याने हसले. ते खरं निघालं. कचेरीतला जुना टायपिस्ट आमच्याच सरांचा विद्यार्थी होता, शुक्रवार सुरू व्हायच्या आधीचा.

वडिलांनी खिशातून निळी पेन्सिल काढली.

"बाबा, सरकारी कागद आहे. आणि भोक आहे ना त्याला?"

"एका भोकाला तागा परत करत न्हाय कोणी," ते म्हणाले. "मागच्या बाजूला करतो. पुढं तुझं सरकार."

रुजू व्हायला गेलो तेव्हा हेडक्लार्कने पत्र घेतलं, फाइलला लावायला उलटलं आणि निळी खूण बघून विचारलं, "ही कसली खूण?"

"तपासलंय, सर," मी म्हणालो. "वडिलांनी."